वाळूचा हंगाम : गोदावरी-मांजरेच्या पात्रातली काकडी

दिवाळीच्या सुमाराला नदी उघडी पडते. पावसाळाभर दोन्ही थड्या धरून वाहणारे गढूळ पाणी कोजागरीनंतर खाली उतरू लागते आणि पात्राच्या एका अंगाला वाळूचा पहिला पट्टा दिसतो. माझे लहानपण नांदेडला गेले. १९६० नंतरची ती वर्षे. घरापासून गोदावरीचा घाट दहा मिनिटांच्या चालीवर होता. भाऊबीज झाली की घाटाच्या खालच्या अंगाला भोई मंडळी वाळूत उतरत. हातात काठ्या आणि दोरी. चार पावले चालायचे, खाली बसून हाताने वाळू उकरायची, ओल किती खोल आहे ते पाहायचे आणि पुढे जायचे. मग काठ्या रोवून वाटे पडत. महिन्याभरात तिथे खोपी उभ्या राहत, चुली पेटत, कुत्री भुंकत. आम्ही मुले त्याला काकडीचे गाव म्हणायचो. मृगाच्या आधी ते गाव उठायचे आणि पहिल्या पुरात त्याची खूणही उरत नसे.

त्या गावाचा इतिहास लिहावा, असे पुष्कळ वर्षे मनात होते. लातूरला इतिहास शिकवण्यात नोकरी गेली. त्या काळात मांजरेच्या काठावरही अशीच, पण लहान प्रमाणातली शेती असल्याचे ऐकत होतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर कागद शोधायला बसलो, तेव्हा लक्षात आले की कागदच नाहीत. ते का नाहीत, हा या लेखाचा अर्धा विषय आहे. उरलेला अर्धा असा : थंडीत न येणारे पीक थंडीतच लावून, पुराच्या आत उरकण्याची एक पक्की विद्या आपल्याकडे होती. ती विद्या खोटी ठरली म्हणून गेली नाही. तिचे महिने दुसऱ्याच कामाला दिले गेले, म्हणून ती गेली.

१

आधी काकडीबद्दल थोडे. मराठवाड्यात दोन काकड्या होत्या आणि दोघींचे हंगाम वेगळे होते. एक शिवारातली. ज्वारी-कापसाच्या तासांमध्ये बायका वाळकाचे, शेंदाडाचे चार दाणे टाकत. पावसावर वेल वाढत आणि भादव्यापासून दसऱ्या-दिवाळीपर्यंत वाळके येत. ती विकायला क्वचित जात, बांधावरच संपत. कोकणातले पावसाळी तवसे हे या बाजूचे. दुसरी काकडी नदीच्या पात्रातली. ती दिवाळीनंतर लावायची आणि शिवरात्रीपासून वैशाखापर्यंत खायची. तिच्या सोबतीला टरबूज, खरबूज, कारले, दोडका असे, पण बाजारात पहिली येई ती काकडीच. हा लेख या दुसऱ्या काकडीचा आहे.

नदीच्या जमिनीत वेलीची फळे लावण्याची रीत फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सीताध्यक्षाचे, म्हणजे राजाच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. कुठल्या जमिनीत काय लावावे हे सांगताना तिथे ‘फेनाघात’ असा एक शब्द येतो. पाण्याचा फेस जिथे येऊन आपटतो ती जमीन; ती वेलीवरच्या फळांना योग्य म्हटली आहे. म्हणजे नदीने सोडलेल्या जागेची स्वतंत्र प्रत मानून तिला स्वतंत्र पीक नेमून दिलेले होते. पुढच्या काळात गंगा-यमुनेच्या काठाने तिला दियारा म्हटले, विदर्भात वर्धा-वैनगंगेच्या पात्रात डांगरवाडी म्हटले. आमच्याकडे नुसते ‘वाडी’ म्हणत. गाळाची जागा असेल तर ‘मळई’.

२

काकडीची मायभूमी भारतच. तिची रानटी बहीण हिमालयाच्या पायथ्याला अजून सापडते. पण भारतातली असली तरी ती थंडी सोसणारी नाही. मातीचे तापमान १५ अंशांच्या खाली असेल तर बी उगवायला फार दिवस लावते आणि बहुधा कुजते. २५ ते ३० अंशांत ते चार-पाच दिवसांत वर येते. नांदेड-लातूरला उन्हाळ्याची कीर्ती आहे, थंडीची नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांवर असतो आणि थंडीची लाट आली की १० च्या खाली उतरतो. नदीच्या पात्रात तर गावापेक्षा गारठा जास्त. कोरडी वाळू दुपारी लवकर तापते आणि रात्री तितक्याच लवकर निवते. वेळा अमावस्येला, लातूरकडच्या भाषेत येळवशीला, आंबील-भज्जी खायला शेतात गेलेल्या माणसाला हा गारठा ठाऊक असतो. काकडीचे रोप तेव्हा दोन पानांवर असे.

मग थांबायचे का नाही? थंडी ओसरल्यावर, महाशिवरात्रीनंतर बी टाकले तर सोपे नव्हते का? हा प्रश्न मी लहानपणी वाडीतल्या एका वृद्ध भोईमामांना विचारला होता. त्यांनी बोटे मोजून दाखवली. पात्र रिकामे होते कार्तिकात. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मधे दोनशे दिवस. त्यातले पहिले साठ-सत्तर थंडीचे. ते सोडून दिले तर फळ चैत्र सरता सरता येणार. तेव्हा विहिरीवाल्यांचा मालही बाजारात असतो आणि वाळू इतकी तापलेली असते की वेल लवकर थकतात. शिवरात्रीच्या उपासाला ज्याची काकडी बाजारात, त्याचे वर्ष निघाले. म्हणून थंडीत लावायचीच. नांदेडला हिवाळा कडक नाही, पण पुढे जूनची भिंत आहे म्हणून तो मोलाचा होता.

थंड देशांची अडचण याच जातीची, फक्त भिंत उलट्या बाजूला. रशियाच्या मध्यभागात दहिवराच्या दोन हंगामांमध्ये जेमतेम चार-साडेचार महिने मिळतात. तिथले शेतकरी शेणाच्या उंच वाफ्यावर काकडी घेतात. खालचे शेण कुजताना ऊब देते. रोमचा सम्राट टायबेरियस (इ.स. १४ ते ३७) याला रोज काकडी लागे. प्लिनीने लिहून ठेवले आहे की त्याचे माळी चाकांवर बसवलेल्या वाफ्यांत वेल लावत, उन्हात ढकलत नेत आणि गारठ्याच्या दिवशी पारदर्शक दगडाच्या पत्र्याखाली ठेवत. ती काकडी आजची नव्हे, उत्तर हिंदुस्थानात जिला ककडी म्हणतात तिच्या, म्हणजे खरबुजाच्या जातकुळीतली असावी, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे मळेवाले शहराच्या तबेल्यांतली घोड्यांची लीद आणून तिचे उबदार थर रचत आणि वर काचेच्या घंटा उपड्या घालत. ऊब, आडोसा आणि ऊन या तीन गोष्टींचा मेळ सगळीकडे आहे. काच विकत घेता येते की नाही, एवढाच फरक.

गोदावरीच्या वाळूत काच नव्हती. तिथे काय करत ते पाहिलेले आणि पुढे विचारून घेतलेले असे सांगतो.

बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधत आणि ती पुरचुंडी चुलीजवळच्या राखेत किंवा शेणाच्या उकिरड्यात दोन-तीन दिवस पुरून ठेवत. मामा म्हणायचे, “बी निजलं की उठत न्हाई, त्याला उबीलाच ठिवावं लागतं.” मोड दिसला की ते वाळूत जाई. तोवर खड्डे तयार असत. ओल लागेपर्यंत, साधारण हात-दीड हात खोल. तळाला शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या आणि अर्धवट कुजलेले शेणखत, त्यावर नदीचाच गाळ. खत पुरते कुजलेले चालत नसे, कारण ते थंड असते. अर्धे कच्चे खत खड्ड्यातच कुजत राही आणि मुळाखाली ऊब धरी. पॅरिसच्या लिदीचे आणि नांदेडच्या लेंड्यांचे काम एकच होते.

बी वाळूच्या पातळीवर लावत नसत. खड्डा वीतभर रिकामा ठेवून त्याच्या पोटात लावत. म्हणजे वारा वरून निघून जाई. उकरलेली वाळू उत्तरेच्या अंगाला ढीग करून टाकत आणि त्या ढिगावर तुराट्यांची, पऱ्हाट्यांची किंवा उसाच्या पाचटाची ताटी तिरकी रोवत. ताटीने उत्तरेचा वारा अडे आणि दक्षिणेचे कलते ऊन खड्ड्यात शिरे. दिवसभर तापलेली वाळूची कड रात्रीचे पहिले काही प्रहर ऊब सोडत राही. फारच गारठा असेल त्या रात्री रोपांवर पळसाची पाने किंवा फुटक्या टोपल्या पालथ्या घालत आणि ऊन वर आल्यावर काढत.

पाण्याचे गणितही थंडीचेच होते. वाडीत जागोजाग झिरे उकरलेले असत. पहाटे हवा १० अंशांवर असली तरी जमिनीतून पाझरणारे पाणी त्याहून बरेच उबदार असते, म्हणून झिऱ्यातून वाफ निघताना दिसे. वाहत्या नदीचे पाणी दहा पावलांवर असूनही रोपांना ते घालत नसत. घागरीने झिऱ्याचे पाणी घालत, तेही ऊन पडल्यावर. लहानपणी मला हा वेडेपणा वाटायचा.

आणखी एक गोष्ट या माणसांना अनुभवाने माहीत होती, तिचे कारण वनस्पतिशास्त्राने पुढे सांगितले. काकडीच्या वेलाला नर आणि मादी अशी वेगळी फुले येतात. फळ मादी फुलालाच धरते. लांब दिवस आणि उष्णता असेल तर नर फुले वाढतात. आखूड दिवस आणि गारवा असेल तर मादी फुलांचे प्रमाण वाढते. म्हणजे जो वेल पौषाच्या थंडीतून जिवंत निघाला, त्याला माघात फळ जास्त धरे. “हिवात वाचलेला येल लेकुरवाळा,” असे वाडीतल्या बायका म्हणत. थंडीशी केलेला हा जुगार आंधळा नव्हता.

माघ सरला की काम उलटे होई. आता थंडीऐवजी ताप. ताट्या काढून, मोडून त्यांचाच काडीकचरा वेलांखाली पसरत, नाहीतर फळ तापल्या वाळूवर भाजून निघे. एकच तुराटी पौषात वाऱ्याला आडवी आणि फाल्गुनात फळाखाली अंथरूण. कोल्ह्यांच्या धाडी सुरू होत. रात्री खोपीत जागत, डबे वाजवत. सकाळी बायका पाट्या भरून बाजार गाठत. बागवान व्यापारी शेकड्याच्या भावाने माल उचलत. वैशाखात वेल पिवळे पडले की उत्तम वेलावरची दोन-चार फळे पिकू देत, बी काढून, धुऊन, राखेत घोळून ठेवत. मग खोपी उतरत. त्या बियांवर पुढचे वर्ष उभे असे.

३

आता कागदांकडे येतो.

मराठवाड्यात जमिनीचा इतिहास शोधणारा माणूस दोन गोष्टींवर विसंबतो : निजामी राजवटीपासूनची मोजणीची व महसुलाची दप्तरे आणि १९५४ चे खासरा पाहणीपत्रक. कोण कसत होते, काय पीक होते, हे या पत्रकात सर्व्हे नंबरनिहाय मिळते. कुळांचे, इनामांचे असंख्य वाद आजही त्याच पत्रकावर लढवले जातात. मी गोदाकाठच्या काही गावांची पत्रके पाहिली. काठावरची रानेच्या राने त्यात आहेत. पण सर्व्हे नंबर थडीशी संपतो. त्यापुढे नकाशावर दोन रेघांमध्ये ‘नदी’ असे लिहिलेले असते. नदीला सर्व्हे नंबर नाही, म्हणून तिथे कसणारा नाही आणि पीकही नाही.

पुढे सातबारा आला तरी ही रचना बदलली नाही. पीकपाहणी गावनमुना बारामध्ये होते आणि नमुना बारा हा गट नंबरचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या-नाल्यांची पात्रे ही सरकारची मालमत्ता. पात्रात कसायचे तर एकसाली परवानगी, तीही जिथे कोणी मागितली तिथे. माझ्या लहानपणी वाडीवाल्यांची वाटणी आपसांतच होई. गेल्या वर्षी ज्याने खड्डे केले त्याचा त्या पट्ट्यावर पहिला हक्क. पुराने पट्टाच वाहून नेला तर नव्याने चिठ्ठ्या. पूर दरवर्षी बांध पुसून टाकी, त्यामुळे कायमची मालकी शक्यच नव्हती. समाजाच्या दृष्टीने ही मोठी समंजस व्यवस्था होती. दप्तराच्या दृष्टीने ती नव्हतीच.

हंगामांच्या नावांचाही प्रश्न होता. महसुलाला खरीप माहीत होते, रब्बी माहीत होते. तेलंगणाच्या बाजूला भातासाठी आबी आणि ताबी होते. रब्बी उठण्याच्या सुमाराला तोडणीला लागणारे आणि मृगाला संपणारे वाळूचे पीक या चौकटीत बसत नव्हते. भोई समाजाची ओळख पालखी वाहणारे, होडी चालवणारे, मासे धरणारे अशी नोंदली गेली. वर्षातले सहा-सात महिने ते शेतकरी असत, ही गोष्ट त्या ओळखीत कुठे आली नाही. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे जमीन आहे तो; आणि यांची जमीन दरवर्षी नदी घेऊन जात होती.

म्हणून या लेखासाठी मला माणसांकडे जावे लागले. नांदेडच्या घाटांवर, बिलोली-देगलूरकडे मांजरेच्या रुंद पात्राशी आणि लातूर जिल्ह्यात, जिथे मांजरा अरुंद आहे आणि वाळूपेक्षा गाळ अधिक, तिथे. बोलणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे होते. तपशील सांगताना त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. ओल किती, खत कोणते, ताटी कुठल्या अंगाला, हे सगळ्यांनी सारखेच सांगितले. ‘शेवटची वाडी कधी?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र गावागावाला वेगळे होते. ती वर्षे एकापुढे एक मांडल्यावर त्यांच्यामागचा दुसरा इतिहास दिसू लागला. त्याचे कागद मात्र भरपूर आहेत.

४

१९६५ मध्ये पैठणला जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर झाले. मांजरेवर धनेगावचे धरण झाले. या धरणांनी वाड्या एकदम बुडाल्या नाहीत. पण दोन गोष्टी बदलल्या. पुराबरोबर दरवर्षी येणारा ताजा गाळ वरच अडू लागला. वाळू धुतल्यासारखी कोरडी राहू लागली आणि खत जास्त लागू लागले. दुसरे असे की हिवाळ्यात वरून अचानक पाणी सुटू लागले. पूर्वी कार्तिकानंतर नदी शब्द मोडत नसे. एका पौषात रात्रीतून पाणी वाढले आणि आमच्या घाटाखालच्या वाड्या सकाळपर्यंत गेल्या. ते पाणी कोणी सोडले, कोणाला कळवले होते का, याची चौकशी करायला कोणी गेले नाही. तक्रार करायची तर आधी ‘तुम्ही तिथे काय करत होता’ याचे उत्तर द्यावे लागले असते.

खरा बदल बंधाऱ्यांनी केला. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे तत्त्व साधे आहे. पावसाळ्यात पूर निघून जाऊ द्यायचा आणि पाऊस सरला की, साधारण ऑक्टोबरात, खांबांच्या खाचांत बर्गे घालून उरलेले पाणी पात्रातच अडवायचे. पुढच्या पावसाआधी बर्गे काढायचे. लातूर जिल्ह्यात मांजरेवर साई, नागझरी, भुसणी, डोंगरगाव अशी बंधाऱ्यांची आणि पुढे उभ्या दरवाजांच्या बॅरेजेसची साखळीच झाली. नांदेडजवळ असर्जन येथे विष्णुपुरी प्रकल्प झाला. त्याने गोदावरीचे पात्र वरच्या अंगाला लांबवर भरले. नांदेड शहराची तहान त्यावर भागते आणि उपसा सिंचनाचे पाणी त्यातून जाते.

या साखळीतला सर्वांत गाजलेला बंधारा म्हणजे धर्माबाद तालुक्यातला बाभळी. १९८० च्या गोदावरी लवादाने पैठणच्या खालच्या पाण्यापैकी ६० टीएमसी वापरण्याची मुभा महाराष्ट्राला दिली होती. बाभळी मात्र पोचंपाडच्या, म्हणजे श्रीरामसागरच्या फुगवट्याच्या हद्दीत येतो, म्हणून आंध्र प्रदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. महाराष्ट्राला बंधारा मिळाला, साठा २.७४ टीएमसी. अट अशी की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, २९ ऑक्टोबरला बंद करायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे.

या तारखा मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा त्या वहीत उतरवून घेतल्या आणि शेजारी मामांची बोटे मांडली. २९ ऑक्टोबर म्हणजे दिवाळीच्या आसपास, वाटे पडण्याचे दिवस. ३० जूनपर्यंत दरवाजे बंद, म्हणजे मृग उलटून जाईपर्यंत. मधले आठ महिने नदीचे पात्र भरलेले. दोन राज्यांचे वकील, अभियंते आणि न्यायमूर्ती यांनी वर्षानुवर्षे खल करून नदीचे जे वेळापत्रक ठरवले, ते तंतोतंत वाळूच्या हंगामाचे होते. फक्त त्या हंगामात आता वाळू नव्हती. नदीचा रिकामा काळ तो साठवणुकीचा काळ, असे धरून सगळा विचार झाला. तो काळ रिकामा नव्हता, हे सांगणारा कागद कोणाकडेच नव्हता.

जिथे पाणी अडले नाही, तिथली वाळू गेली. शहरे वाढली, बांधकामे वाढली. नांदेड जिल्ह्यातल्या मांजरेच्या वाळूला हैदराबादपर्यंत मागणी आली आणि वाळूघाटांचे लिलाव होऊ लागले. वाळू गेली की ओलीचा थर जातो, उरतो तो खडक किंवा काळा चिखल. तिथे झिराही लागत नाही आणि वेलही नाही. बिलोलीकडच्या एका गृहस्थांनी सांगितले की त्यांच्या वडिलांनी शेवटची दोन वर्षे वाडी केली ती ट्रकांच्या वाटा सोडून, मधल्या बेटांवर.

पॅरिसच्या मळेवाल्यांचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यावर मोटारी आल्या, घोडे कमी झाले, लीद मिळेना आणि लिदीच्या उबेवर शहराला अवेळी भाजी पुरवणारी ती विद्या मोडली. त्यांना कोणी चुकीचे ठरवले नव्हते. त्यांच्या पायाखालची वस्तू निघून गेली होती.

५

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण मी लातूरला राहतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या शहरात आली. १२ तारखेच्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी होते. धनेगावचे धरण कोरडे पडले होते. आमच्या गल्लीत घागरींच्या रांगा होत्या आणि त्या रांगांत नदीकाठाहून शहरात आलेली माणसेही होती. अशा गावात बसून ‘बंधारे नको होते’ असे म्हणणे मला शक्य नाही. पाणी अडवायला हवे होते. ज्यांची वाडी गेली ते लोकही हेच म्हणतात. त्यांच्या नळालाही तेच पाणी येते.

माझा आक्षेप हिशेबाला आहे. बंधाऱ्याच्या हिशेबात बुडणारी जमीन धरतात, कारण तिचा सातबारा असतो. पाणी पात्रातच राहिले तर बुडीत क्षेत्र जवळजवळ शून्य, आणि म्हणूनच असे बंधारे स्वस्त आणि बिनतक्रारीचे मानले गेले. भरलेल्या पात्रातून ज्यांच्या मोटारींनी पाणी उचलले, त्यांचा ऊस उभा राहिला. ज्यांची वाळू त्या पाण्याखाली गेली, ते विटभट्टीवर, शहरात, हमालीला गेले. दोघेही त्याच नदीवर जगणारे. एकाजवळ काठावर गट नंबर होता, दुसऱ्याजवळ नव्हता.

भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. ज्यांची उपजीविका तीन वर्षे जंगलावर किंवा जलाशयांवर अवलंबून आहे, अशा कुटुंबांनाही त्याने बाधित मानले. मच्छीमार आणि नावाडी यांचा उल्लेख त्यात नावाने आहे. पात्रात पीक घेणाऱ्याचा नाही. शिवाय हा कायदा जमीन संपादन केली तरच लागू होणार. पात्र तर आधीपासून सरकारचेच. आपल्याकडचे बहुतेक बंधारे तोवर उभे राहिले होते. तरी पुढे एखाद्या नदीवर बंधाऱ्याचा आराखडा होईल, तेव्हा निदान एक उन्हाळा आधी पात्रात उतरून कोण काय करते आहे ते मोजावे, एवढे तरी करता येईल. त्याला पैसा लागत नाही, फक्त योग्य महिन्यात जावे लागते.

दुसरी गोष्ट बियांची. आज मराठवाड्यात बारमाही काकडी मिळते. शेडनेटमध्ये, ठिबकवर, प्लास्टिकच्या आच्छादनावर ती उत्तम येते; परागीकरणाशिवाय फळ धरणारे वाणही आहेत. तिचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. वाळूतले बी चाळीस-पन्नास पिढ्या तरी एकाच कसोटीतून निवडत आले होते : पौषाच्या थंडीत तगणे आणि चैत्राच्या उन्हात कडू न होणे. असे बी अजून काही घरांत असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने ते गोळा करून ठेवावे, असे मला फार वाटते. ते एकदा संपले की पुन्हा मिळवता येणार नाही, कारण ते निवडणारी वाळूच आता पाण्याखाली आहे.

मागच्या दिवाळीत मांजरेकाठच्या एका आजीबाईंकडे गेलो होतो. त्यांची वाडी सुटून पुष्कळ वर्षे झाली. तरी त्या घराच्या मागच्या अंगणात दरवर्षी दोन वेल लावतात, बी मरू नये म्हणून. निघताना त्यांनी राखेत घोळलेले बी फडक्यात बांधून दिले आणि बजावले, “सर, पुस्तकात ठिवू नका, मातीत टाका.”

मार्गशीर्षात टाकले. वीस बिया होत्या. पुरचुंडी चुलीजवळ ठेवायला चूल नव्हती, म्हणून देवघरातल्या समईजवळ ठेवली. परसात खड्डे केले, लेंडीखत शेजारच्या गावाहून आणले, उत्तरेला तुराट्या रोवल्या. अकरा बिया उगवल्या. येळवशीच्या आठवड्यात थंडीची लाट आली तेव्हा सहा गेल्या, कारण एका रात्री टोपल्या झाकायला मी विसरलो. उरलेल्या पाचांपैकी तीन वेल वाढले. शिवरात्र हुकली, पहिली काकडी होळीला मिळाली. देठाकडे किंचित कडू होती. मामांनी ती परत केली असती.

दोन फळे बियांसाठी ठेवली आहेत. यंदा वाटून टाकायची आहेत.